पंखांना पाणी

"आई, आत ये की! उधारी मागायला आल्यासारखी दारात काय उभी राहिलीस?" रोक्कोने आतून हाक मारली.

नुन्त्सिया पर्स पोटाशी धरून उंबऱ्यापाशीच थबकली होती. तिच्या मागे, कडेवर छोट्या दोनातोला घेतलेली सून, मरिलेना. पोराला सकाळपासून खोकला होता आणि डोंगरात कोरलेल्या त्या खोलीतून गार, ओलसर हवा अंगावर येत होती. इटलीतल्या मातेरा गावात पूर्वी गरिबांची घरं असलेल्या या गुहांची आता हॉटेलं झाली होती. आईच्या वाढदिवसाला रोक्कोने शोधून शोधून नेमकी तिच्या जन्माची खोली मिळवली होती. एक रात्र सगळ्यांनी इथे राहायचं. आई हरखून जाईल, अशी त्याची बालंबाल खात्री.

मरिलेनाला मात्र लग्नापासून एक गोष्ट खटकत आली होती. सासूबाई हाकेच्या अंतरावर, वरच्या नव्या वस्तीत राहायच्या. इस्पितळातले कपडे धुण्यात उभा जन्म काढला, पण या उतारावर त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पाहुण्यांना शहर दाखवायचं तर मुलाला पाठवायच्या. 'गुडघे दुखतात' म्हणायच्या आणि बाजारात मात्र तुरुतुरु चालायच्या.

इतक्यात खालच्या देवळातल्या घंटा वाजू लागल्या. भराभर, नाचऱ्या. नुन्त्सियाने छातीवर क्रूस काढला.

"कुणाचं गं मूल?"

रोक्को खो खो हसत बाहेर आला. "मूल कसलं, आई? लग्न आहे लग्न! ती बघ नवरी, पायऱ्यांवर झगा सावरतेय. म्हातारी झालीस हं तू!"

"लग्न होय? असेल."

मरिलेना हसली नाही. "मूल म्हणजे काय, आई?"

"तान्हं मूल गेलं की अशाच घंटा वाजायच्या. मोठ्या माणसाला संथ, तान्ह्याला आनंदाच्या. देवदूत झालं म्हणायचे. आणि आईनं रडायचं नाही. रडली तर त्याच्या पंखांना पाणी लागतं, मग ते उडायचं कसं?"

"आपल्यात कोण गेलं?" रोक्कोचा आवाज उतरला होता.

"माझी धाकटी बहीण, कार्मेला. तू बॅग ठेवलीयस ना, त्या कोपऱ्यात. भिंत पाझरायची. खोकून खोकून गेली बिचारी. शेजारणींनी लग्नात वाटतात तसे साखरेचे बदाम वाटले. आईनं ते हसून घेतले. हसून, कळलं? मग हरभऱ्याची आमटी ढवळत बसली. मला म्हणाली, तूही रडायचं नाहीस. नाही रडले. पुढे आई गेली, तुझे बाबा गेले, तेव्हाही रडू येईना. लोक म्हणाले, दगड आहे."

रोक्कोने कपाळाला हात लावला. "मला काय ठाऊक, आई! चला, घरी जाऊ. आत्ताच्या आत्ता."

मरिलेनाला दुपारपासून हेच तर हवं होतं. पोराला घेऊन इथून निघायचं. पण सासूची नजर त्या कोपऱ्यावरून हलत नव्हती, आणि हनुवटी थरथरत होती.

"थांब," मरिलेना रोक्कोला म्हणाली. "तू दोनातोला वर उन्हात घेऊन जा. कान झाक त्याचे."

"अगं, पण आईला इथं एकटीला..."

"मी आहे ना! जा म्हणते ना!"

खोकणारं पोर तिने आजवर कुणाच्या हाती दिलं नव्हतं. रोक्को त्याला उचलून पायऱ्या चढू लागला.

नुन्त्सिया वाकून आत शिरली. कोपऱ्यातली बॅग उचलून तिने बाजूला ठेवली आणि तिथेच, जमिनीवर, बसली. आधी जड ओझं उचलताना निघावा तसा आवाज आला. मग ती रडू लागली.

मरिलेनाने बाहेरून दार ओढून घेतलं.

कॅमेरा गळ्यात अडकवलेलं एक जोडपं पायऱ्या चढत आलं. "जुनं घर आहे ना? जरा आतून बघता येईल?"

"नाही," ती म्हणाली. "घरात माणसं आहेत."

ती उंबऱ्यावर दाराला पाठ लावून बसली, आणि आतलं रडणं आपलं आपण सरेपर्यंत तिथून हलली नाही.