ओलं फडकं

अण्णांनी डोळा काढला, मान मागे घेऊन बघितला, आणि मांडीवरचं ओलं फडकं उचलून पुसून टाकला.

"अण्णा, बरा होता की तो," त्यांची सून नम्रता म्हणाली.

"बरा म्हंजे काय गो? बरा असून भागतंय काय? देव हाय तो."

हरतालिकेची दुपार कलायला आली होती. उद्या चतुर्थी. महिपतअण्णांचा गणपतीचा कारखाना म्हणजे घरापुढची पडवी, पावसाची झड येऊ नये म्हणून ताडपत्री बांधलेली. नागपंचमीच्या आधीपासून वाडीतल्या घराघरांतून पाट आले होते. ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याचा त्याचा गणपती, अशी इथली रीत. आता त्या पाटांवर मुकुट झालेले, पितांबर झालेले, सोंडेवर नक्षी झालेले गणपती बाकड्यांवर ओळीने बसले होते. पुढच्या काहींना डोळे होते. मागच्या सगळ्या ओळी अजून आंधळ्या होत्या.

डोळ्यांची आखणी अण्णा स्वतः करत. तसं बघायला गेलं तर अण्णा सगळंच स्वतः करत. माती दुसऱ्याने मळली तर ते पुन्हा मळत. पडवी सुनेने झाडली तर तिची पाठ वळताच पुन्हा झाडत. बायको होती तोवर तिच्या हातचा चहासुद्धा त्यांनी कधी नुसता प्यायला नाही, आधी साखर विचारली. लोकही कौतुकाने सांगत, गणपती घ्यावा तर महिपतचा, केसभर इकडेतिकडे नाही. या कौतुकानेच त्यांचा घात केला.

गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विश्रांती सांगितली. अण्णांनी गोळ्यांना फळीवर विश्रांती दिली आणि स्वतः मातीत बसले.

स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी पुन्हा ब्रश टेकवला. भुवईपाशी रेघ लडबडली. फडकं पुन्हा फिरलं. पुसून पुसून त्या गणपतीच्या डोळ्यांच्या जागी राखाडी डाग पडला होता. कुणी रडवल्यासारखा दिसत होता बिचारा.

तेवढ्यात ताडपत्री सारून केरू आत आला. ओढ्यापलीकडच्या वाडीतला, अण्णांच्याच वयाचा. छत्री झटकून त्याने कोपऱ्यात उभी केली.

"झाला काय रे माजा?"

"उद्या सकाळी ये."

"उद्या? ओढा फुगतोय तिकडं. आता नाय गेलो तर उद्या घरात गणपती नाय." केरूने आपला पाट ओळखला, गणपतीकडे बघितलं आणि त्याचा आवाज उतरला. "डोळं पण नाय अजून?"

"डोळं काय बाजारात मिळतात? हात सरळ चालू दे, मग काढीन."

केरू ब्रशाच्या थरथरत्या टोकाकडे बघत राहिला. मनात आलेलं पोटात ठेवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. तो म्हणाला, "महिपत, तुज्या विनीतानं एकदा काढले होते बग डोळे. माज्याच गणपतीला. चांगले होते रे. तू उगाच पुसलेस."

ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.

विनीत, अण्णांचा मुलगा, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. अण्णा जेवायला घरात गेलेले असताना त्याने केरूच्या गणपतीचे डोळे काढले होते. अण्णा हात पुसत बाहेर आले तर पोरगा ब्रश धरून उभा, तोंडभर हसू. "अण्णा, बरे आलेत ना?" त्याने विचारलं होतं. समोर केरू होता, आणखी दोन-चार गिऱ्हाइकं होती. अण्णांनी ओलं फडकं घेतलं आणि दोन्ही डोळे पुसले.

पुढच्या वर्षी विनीत लोट्याला कंपनीत लागला. लग्न झालं, नम्रता आली, दोघं तिकडे खोली घेऊन राहू लागली. दर श्रावणात मात्र तो रजा काढून यायचा, मूर्ती उचलायचा, अंगाचे रंग भरायचा. बारीक ब्रशाला त्याने पुन्हा कधी हात लावला नाही, आणि अण्णांनीही कधी लाव म्हटलं नाही. दोन वर्षांपूर्वी असाच रजा घेऊन येताना महामार्गावर पावसात त्याची गाडी घसरली आणि तो गेला. डिकीत अण्णांसाठी घेतलेले बारीक ब्रश होते, कागदात गुंडाळलेले. ते तसेच देव्हाऱ्याखाली पडून होते.

"अण्णा," नम्रता हळूच म्हणाली, "काय चुकलं होतं त्यात?"

"कशात?"

"त्या डोळ्यांत. ते मला नेहमी म्हणायचे, काय चुकलं तेवढं अण्णांनी सांगायला हवं होतं. मी म्हणायची, विचारा की मग. तर म्हणायचे, आता कुठे विचारू."

अण्णांनी डोळे मिटले. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या गणपतीचं उपरणं कुठल्या रंगाचं होतं हे सांगणारा माणूस तो. बुबुळ जाड होतं का? पापणी वाकडी होती? त्यांनी खूप आठवून बघितलं. त्यांना फडकं आठवलं. पोराच्या तोंडावरचं हसू कसं हळूहळू गेलं ते आठवलं, कान कसे लाल झाले ते आठवलं. चूक काही केल्या आठवेना.

"आठवत नाय गो बाय," ते म्हणाले. "मना कायच आठवत नाय."

केरूने उगाचच छत्री इकडची तिकडे ठेवली.

मग अण्णांनी विचारलं, "तुला दाखवलान काय कधी? काढायचा कसा ते?"

"दाखवायचे ना. खोलीवर. ताटात तांदळाचं पीठ पसरून बोटानं काढायचे, मला गिरवायला लावायचे. जमलं की ताट हलवून मोडून टाकायचे, परत काढ म्हणायचे." ती थोडं हसली आणि पदराने नाक पुसलं.

"देव्हाऱ्याखालचा पुडा आण."

तिने आणला. कागदाच्या घड्या दोन वर्षांत पक्क्या झाल्या होत्या. अण्णांनी त्यातला एक ब्रश काढून तिच्यापुढे धरला.

"काढ."

"मी? केरूकाकांचा गणपती आहे अण्णा. चुकलं तर?"

"चुकू दे," अण्णा म्हणाले.

त्या पडवीत हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. केरूने तर चमकून त्यांच्याकडे बघितलं.

नम्रताने पाटाला नमस्कार केला आणि गुडघे टेकून बसली. अण्णा उजवा डोळा आधी काढत, तिने डावा घेतला. अण्णांच्या तोंडातून "अगो" निघालं, ते त्यांनी गिळलं. पापणीची रेघ आली. मग बुबुळ. अण्णांचे गणपती समोर बघत, उभ्या माणसाच्या नजरेला नजर देत. हे बुबुळ खाली चाललं होतं. दुसऱ्या डोळ्याचंही तिने तसंच खाली घेतलं.

आणि अण्णांना एकदम आठवलं. हेच. हेच त्यांनी पुसलं होतं. बुबुळ खाली गेलंय म्हणून.

त्यांचा हात सवयीने फडक्यावर गेला. फडकं घेऊन ते स्टुलावरून उठले, एक पाऊल पुढे आले, आणि गुडघ्यांनी दगा दिला. केरू धरायला धावला, पण तोवर ते गणपतीसमोर खाली बसले होते, मातीच्या गोणींपाशी. विनीत लहानपणी तिथेच बसायचा. तिथेच बसून उंदीर वळायचा, तिथेच पेंगायचा. बाप वर स्टुलावर काम करत असायचा, आणि पोराला खालून दिसायची ती त्याची पाठ आणि गणपतींच्या हनुवट्या.

अण्णांनी मान वर केली. गणपती त्यांच्याकडे बघत होता. थेट त्यांच्याकडे, जमिनीवर बसलेल्या माणसाकडे.

"पुसू का अण्णा?" नम्रताने घाबरत विचारलं.

अण्णांनी नको म्हणून मान हलवली. रंग वाळला. मग केरूने गणपतीच्या तोंडावर रुमाल टाकला, पाट डोक्यावर घेतला. एका हाताने पाट सावरत, दुसऱ्या हातात छत्री धरून तो ताडपत्रीबाहेर पडला. पाणंदीतून त्याचं "मोरया" ऐकू आलं, मग तेही पावसात गेलं.

"बाकीचे पण तूच काढ," अण्णा म्हणाले. "असेच काढ."

नम्रता पुढच्या पाटाशी सरकली. अण्णा उठले नाहीत. त्यांनी हातातल्या फडक्याने तोंड पुसलं, तर त्यातला काळा रंग गालभर पसरला. त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. शेजारच्या गोणीवर त्यांनी हात ठेवला, लहान पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"बरे आलेत रे," ते म्हणाले.