जाम बोल्ट

हैदरनं तापलेली लोखंडी पट्टी ऐरणीवर धरली आणि घणाचे घाव घालून तिला हवा तसा बाक दिला. जीपच्या पुलीचा बोल्ट काही केल्या सुटत नव्हता. पाना लावला की पुलीच फिरायची. तिला धरून ठेवायला ही घरीच घडवलेली पट्टी. भोकं पाडून त्यानं ती पुलीवर कसली, दुसरं टोक चॅसीच्या खाचेत अडकवलं, पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि रेटून पाहिलं. बोल्ट केसभर हलला. अख्ख्या चितेगावात हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, या विचारानं स्वारी खूश झाली.

जीपचा मालक रामकिसन नवी पुली घेऊन डोक्यावर उभाच होता. घाई कसली, हे त्यानं आपणहून सांगितलं. धाकटी बहीण आशा बद्रीनाथबरोबर पळाली होती. दोघं देवगाव रंगारीला लपले होते आणि संध्याकाळच्या एस्टीनं पुण्याला निघणार होते.

"त्याच्या आत पोचायचंय. दोघांनाबी जित्तं ठिवायचं नाय."

मागच्या सीटवर धार लावलेली कुऱ्हाड होती. हैदरची नजर तिच्यावर गेली. त्यानं पाना काढला, पुन्हा बसवला आणि पाइप दुसऱ्या बाजूला घेतला.

"माझ्यानं व्हत नाय, पाटील. तुमी दाबा. सगळा जोर लावा."

रामकिसननं बहिणीला शिवी घातली आणि पाइपवर अंग टाकलं. दोन-तीन हिसक्यांत कडकन आवाज झाला. बोल्टचं डोकं मातीत पडलं. उरलेला आतच रुतून राहिला.

रामकिसननं आधी ते डोकं पाहिलं, मग पाइपची बाजू. जन्मभर ट्रॅक्टर खोलत आलेला माणूस तो.

"आवळायला लावलंस व्हय मला?"

पाइपचा पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. हैदर कोसळला तरी रामकिसनचा हात थांबेना. आपलं मनगट मोडलेलं हैदरला ऐकू आलं. जिवाची भीती होतीच, पण याला दुसरी गाडी सुचली तर, ही त्याहून मोठी. रस्त्यापलीकडच्या भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर धावत आला आणि त्यानं रामकिसनला मागून धरलं.

"एवढी घाई असंल तर माझी गाडी हाय, पाटील. कुठं जायाचं?"

हैदरनं डोळे मिटून घेतले.

रामकिसन धापा टाकत होता. त्याच्या हातातला पाइप गळून पडला.

"नको. माझी दुरुस्त झाली की जाईन."

तो हैदरशेजारी मातीत बसला आणि आपल्या उपरण्यानं त्याच्या तोंडावरचं रक्त पुसू लागला. गाडीला किती वेळ लागेल, हे त्यानं विचारलं नाही.