दोन बोटं पुढं

“भिंतीला चुना फासतात तसं नाही फासायचं हो काकू! इकडे बघा,” म्हणत सिस्टरने तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मलमाची एक बारीक रेघ काढली. “एवढंच. एवढ्यात दोन तळहातांएवढी जागा होते. डाग असेल तेवढ्यावर, आणि त्याच्या कडेपासून दोन बोटं पुढं. झालं की लगेच साबणाने हात धुवायचे. लगेच म्हणजे लगेच, चहा नंतर!”

काकू मान हलवत गेल्या. सिस्टरने बेसिनवर हात धुतले आणि पुढचा केसपेपर उचलला. कातडीच्या विभागात तिची एकोणीस वर्षं गेली होती. रोज साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी नायट्याची. लोक तिला तोंडावर सिस्टर म्हणत आणि माघारी ‘नायटेवाली’. तिला दोन्ही नावं चालत. हे सगळं बोलणं ती झोपेतही म्हणू शकली असती, आणि नवऱ्याच्या म्हणण्यानुसार एकदोनदा म्हणालीही होती.

“एकेचाळीस!”

बाकाच्या टोकाचा माणूस उठला, दोन पावलं आला आणि जागीच थबकला. तो तिचा नवरा होता.

गुरुवार तिच्या सुट्टीचा. पण जोडीदारणीच्या घरी आजारपण होतं म्हणून तिने आदल्या दिवशी ड्यूटी बदलून घेतली होती. घरी हे सांगायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नव्हतं. हल्ली त्या घरात दूध संपलंय, गॅस संपलाय, एवढंच बोलणं उरलं होतं. तो सकाळी सहाला कारखान्यात जायचा, बॉयलरवर. आज तिथून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो नेमका ती नसेल तो वार बघून आला होता.

सिस्टरने केसपेपर वाचला. वय अठ्ठावन्न. तिने पडद्याकडे बोट केलं. “आत जा.”

पडदा कापडाचा होता. डॉक्टर मॅडम चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या, त्यांना हा माणूस कोण ते ठाऊक नव्हतं.

“कधीपासून आहे हे?”

“आठ महिने झाले असतील.”

“अहो, कंबरेपासून मांड्यांपर्यंत पसरलंय! काय लावत होता?”

“दुकानातून ट्यूब आणली होती. लावली की चार दिवसांत खाज जायची. मग बंद करायचो. मग परत यायचं, आधीपेक्षा जास्त.”

बाहेर सिस्टरच्या हातातलं पेन थांबलं. आठ महिने. आठ महिन्यांपूर्वीच एका संध्याकाळी तो आपली गादी गुंडाळून, खाट ओढत मुलीच्या खोलीत गेला होता. मुलीचं लग्न झाल्यापासून ती खोली रिकामीच होती. “तू घोरतेस फार,” एवढंच म्हणाला. घोरते तर घोरते, पण तीस वर्षांनी ऐकू यायला लागलं? तिने उशीत तोंड घालून रडून घेतलं होतं. मग केस काळे केले. एका कुशीवर झोपून बघितलं, तर मान धरली. दुसरी कुणी आहे की काय, इथपर्यंत तिचं मन जाऊन आलं आणि स्वतःवरच चिडलं. बॉयलरच्या तेलाचा वास मारणाऱ्या या माणसाच्या मागे कोण लागणार होतं! शेवटी तिने मनाशी धरलं, की आपलं वय झालं आणि आपण त्याच्या मनातून उतरलो.

पडदा सरकला. “सिस्टर, यांना मलम कसं लावायचं ते नीट सांगा. त्या दुकानातल्या ट्यूबने कातडी पातळ केलीये. गोळ्याही लिहिल्यात.”

तो तिच्या टेबलासमोर उभा राहिला. बाकावर दहा-बारा माणसं होती आणि सगळ्यांचे कान इकडे होते. त्याची नजर जमिनीवर.

“बसा,” ती म्हणाली. “आणली का ती जुनी ट्यूब?”

त्याने खिशातून ट्यूब काढली. पार पिळून चपटी झालेली.

“यात तीन-चार औषधं कालवलेली असतात. एक खाज दाबतं. तुम्हाला वाटतं बरं झालं, आणि आत बुरशीला मोकळं रान. ही आता बंद. बंद केल्यावर चार दिवस खाज वाढल्यासारखी वाटेल. घाबरून परत हिच्याकडे वळायचं नाही. जास्तच आग झाली, फोड आले, तर इथे यायचं. दुकानात नाही.”

“हो, सिस्टर.”

तीस वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच सिस्टर म्हटलं.

“अंघोळ झाली की जागा पूर्ण कोरडी करायची. मग हे नवं मलम. सकाळी आणि संध्याकाळी, पेराएवढं, पातळ, डागाच्या दोन बोटं पुढंपर्यंत. डाग दिसेनासा झाला म्हणून थांबायचं नाही. पुढे दोन आठवडे लावायचंच. तुम्ही लोक इथेच चुकता. वरून छान दिसलं की झालं!”

“लावीन.”

“घट्ट कपडे नकोत. कपडे गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून. टॉवेल वेगळा. घरात आणखी कुणाला आहे?”

हा प्रश्न ती सगळ्यांनाच विचारायची.

“नाही,” तो म्हणाला. “लागू नये म्हणून... मी वेगळ्या खोलीत झोपतो.”

“घरच्यांना कारण सांगितलंत?”

“नाही.”

“मग घरच्यांना काय वाटलं असेल?”

बाकावरचा एक म्हातारा खोकला. सिस्टरने पेन उचललं, केसपेपरवर पुढची तारीख घातली, ती चुकली, खोडून परत घातली.

“चादर वेगळी ठेवायची,” ती हळू म्हणाली. “खोली वेगळी करा असं मी एकोणीस वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. समजलं?”

“समजलं, सिस्टर.”

“बेचाळीस!”

साडेचारला ती घरी पोचली, तर दारातच गरम साबणाच्या पाण्याचा वास. दोरीवर त्याचे सगळे कपडे वाळत होते. मुलीच्या खोलीत खाट नव्हती. ती परत आपल्या जागी आली होती, म्हणजे तिच्या खाटेपासून खोलीत मावेल तितकी लांब, पार भिंतीला चिकटवून. वर नवीन चादर होती. खिळ्यावर नवा टॉवेल होता आणि दुकानाची चिठ्ठी अजून त्याला तशीच लटकत होती.

तो खाटेवर पाठमोरा बसला होता. अंगात सैल पायजमा, हातात नवी ट्यूब.

“मला का नाही सांगितलंत?” ती दारातूनच म्हणाली. “अख्ख्या गावाची कातडी बघते मी!”

“म्हणूनच तर.” त्याने वळून पाहिलं नाही. “मागे एकदा माझ्या पाठीवर गळू झालं होतं. तुला बघ म्हटलं, तर तू म्हणालीस, दिवसभर लोकांची अंगं बघून जीव विटतो, निदान घरी तरी कुणी काही दाखवू नका. तेव्हाच ठरवलं, हिला नाही दाखवायचं.”

तिला ते गळू आठवत होतं. आपण असं बोललो होतो हे मात्र अजिबात आठवेना. दमून आलेल्या कुठल्याशा संध्याकाळी तोंडातून निघून गेलेलं एक वाक्य, आणि या माणसाने ते जपून ठेवलं होतं.

“आणि माझं घोरणं?”

“घोरतेस की,” तो म्हणाला. “पण त्याशिवाय मला झोप लागत नाही. आठ महिने धड झोपलो नाही मी.”

ती मोरीत गेली. हात धुऊन, पुसून आली आणि त्याच्या मागे खाटेच्या कडेवर बसली.

“कंबरेच्या मागे हात पोचतो का?”

“पोचवतो कसातरी.”

“आणा ती ट्यूब इकडे.”

त्याने जरा कुरकुर केली, मग सदरा वर धरला. जागा लाल होती, मधे बरी झाल्यासारखी, कडेला धुमसणारी. असे हजारो डाग तिने पाहिले होते. या पाठीवर ते पाहवेनात. तिने पेराएवढं मलम घेतलं आणि लावू लागली.

“दोन बोटं पुढंपर्यंत, सिस्टर,” तो म्हणाला.

“माहितीये मला!”

ती हसली. हसताना डोळे भरून आले, पण तो पाठमोरा असल्यामुळे ते निभावलं. मलम अंगात जिरलं. त्याची पाठ आधी आखडलेली होती, ती हळूहळू सैल झाली. तिचा हात डागाच्या दोन बोटं पुढे गेला होता आणि तिथेच थांबला होता.

मलम लावून झालं की लगेच हात धुवायचे, हे ती रोज साठ-सत्तर माणसांना सांगत असे. त्या दिवशी तिला उठायला जरा वेळ लागला.