भिकुबाईचा अंगठा

“इकनाऱ्याले बहिनी किती हायेत, ते आंधी इचारजो बाई,” असं नशिराबादच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, तेव्हा प्रमिला हसली होती. “आपण घर घेतोय आई, सोयरीक नाही करत.” आता शालिग्राम वकिलांनी लाल पेन्सिलीने एका नावाखाली रेघ ओढली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

“भिकुबाई. विकणाऱ्याची मोठी बहीण, धुळ्याला दिलेली. बाप गेल्यावर वारसांत हिचंही नाव लागलंय. ते निघाल्याशिवाय बँक कर्ज देणार नाही.”

प्रमिलाच्या नवऱ्याने, रतिलालने, कपाळ पुसलं. पिंप्राळ्यातल्या त्या दोन खोल्यांसाठी तिच्या पाटल्या मोडून इसार देऊन झाला होता. मांडीवरची मुलगी फायलीची नाडी ओढत होती. ती तिच्या मुठीतून सोडवत प्रमिलाने विचारलं,

“घर तर बँकेकडेच गहाण राहणार ना? मग बहिणीचं बँकेला काय?”

“म्हणूनच तर. तुमचे हप्ते थकले तर बँक तेच घर विकणार. तेव्हा कुणी दारात उभं राहून ‘यात माझा हिस्सा आहे’ म्हणायला नको. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मूळ कागद बँकेच्या तिजोरीत, आणि त्यावर हक्क सांगणारं दुसरं कुणी नाही. गहाण म्हणजे एवढंच.”

त्यांनी तिच्यापुढे कर्जाचा अर्ज ठेवला. तिने तो वाचायला घेतला, तसे ते म्हणाले, “नुसती सही करा हो. सगळे करतात.”

“वाचून करते.”

विकणाऱ्या हिलालभाऊला मात्र कसली काळजी नव्हती. “आखाजीच्या सणाला अक्का येतेच माहेरी. लुगडं नेसवतो, अंगठा घेतो. आमच्याकडं सगळ्याच बहिणी देतात, वहिनी.”

आखाजी झाली. निबंधक कचेरीच्या व्हरांड्यात भिकुबाई बाकाच्या कडेला बसली होती. नव्या लुगड्याच्या घड्या मोडल्या नव्हत्या, कडक पदर डोक्यावरून सारखा घसरत होता. दस्त लिहिणाऱ्याने तिचा अंगठा शाईत दाबला आणि कागदाकडे नेला. भिकुबाईने हात मध्येच थांबवला.

“काय लिहेल शे त्याम्हा?”

“घरनंच शे अक्का. देई टाक,” हिलाल म्हणाला.

प्रमिलाने मुलीला रतिलालच्या कडेवर दिलं. त्याने मोकळ्या हाताने प्रमिलाचं मनगट धरलं.

“गप्प बस. आपलंच काम होतंय.”

आपलंच काम होतंय, हे तिला कळत होतं. पावसाळ्याआधी भाड्याची खोली रिकामी करायची होती. घरमालकाने मोरीच्या नळाला आतापासूनच कुलूप घातलं होतं. तिने मनगट सोडवून घेतलं आणि कागद उचलला.

“मी वाचून दाखवते.”

“वहिनी, सगळी बी.ए. इथंच संपवता का?” हिलाल हसला. दस्त लिहिणाराही हसला.

“‘मी राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, माझा हक्क कायमचा सोडून देत आहे.’ मोबदला म्हणजे पैसे, अक्का. काही न घेता सोडलं, असं लिहिलंय.”

“आनि घर?”

“घर आम्ही विकत घेतोय.”

“पैसा कोनले देतस?”

प्रमिलाने हिलालकडे पाहिलं. मग भिकुबाईनेही पाहिलं.

“अक्का, लुगडं दिधं ना तुले?” हिलालचा आवाज चढला.

“लुगडं तुनं. घर मना बापनं.” भिकुबाईने शाईचा अंगठा नव्या पदराला पुसला, पुन्हा पुन्हा, डाग पसरेपर्यंत. “तू इकस, तर मी बी इकस. सोडस नही.”

हिलाल उठला. “झालं? रतिलालभाऊ, सौदा मोडला. आता घर बायकोलाच मागा.”

रतिलाल मुलीच्या झबल्याचं बटण लावत राहिला. बायकोकडे त्याने पाहिलं नाही. तरी खांबाशी उभ्या असलेल्या वकिलांकडे वळून प्रमिलाने विचारलं,

“विकणारे दोघं लिहिले, तर बँकेला चालतं?”

“चालतं की. दोघांचे चेक वेगळे निघतील.”

“मग तसंच लिहा.”

“माझ्या सहीशिवाय?” हिलालने विचारलं.

“तुमच्या सहीशिवाय नाही, भाऊ. आणि यांच्या अंगठ्याशिवायही नाही.”

इसाराचे पैसे हिलालने विहिरीवरच्या इंजिनात घातले होते, परत कुठून देणार? तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

खरेदीखत जूनमध्ये झालं. त्याच दुपारी बँकेत प्रमिलाने गहाणाचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. कारकून घड्याळाकडे बघत राहिला, तिने पान उलटायची घाई केली नाही. मग रतिलालच्या नावाशेजारी सही केली.

पायरीवर हिलाल बहिणीला एवढंच म्हणाला, “आते माहेर इसरी जाय.”

“बरं,” भिकुबाई म्हणाली. चेक कमरेच्या पिशवीत खोचून ती एकटीच एस.टी. स्टँडकडे चालू लागली.

आता दिवाळीही उलटून गेली. प्रमिलाने पिंप्राळ्याच्या घरातून येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर भिकुबाईला निरोप धाडले, उलट काही आलं नाही. मुलगी गोवराने पडली आहे, तिला सोडून प्रमिलाला निघता येत नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणाचं धुळ्याला जाणं झालं, तर तिथल्या देवपुरात भिकुबाईला एवढं बघून या. हिलालला पत्ता विचारू नका, तो म्हणेल, आम्हाला बहीण नाही. तिथं भिकुबाईचं नाव सांगा, कुणीही घर दाखवेल. कडी वाजवल्यावर लगेच परतू नका, तिला उठायला वेळ लागतो. आणि कुठून आलात म्हणून तिने विचारलंच, तर सांगा, माहेरहून.