उजव्या हाताचा चमचा

मी एक जुना, वाकड्या मानेचा छोटा चमचा आहे. मित्रांनो, हसू नका. ही मान पडून-आपटून वाकलेली नाही. ती दोनदा मुद्दाम वाकवलेली आहे, आणि दुसऱ्या वेळी मी मोडता मोडता वाचलो. पुढेपुढे करणाऱ्या माणसाला तुम्ही लोक चमचा म्हणता, याचाही मला भारी राग येतो. मी कधी कुणाच्या पुढेपुढे केलेलं नाही. उलट एका लहान मुलीला आठ दिवस अर्धपोटी ठेवण्यात माझाच वाटा होता, आणि तेच मला आज सांगायचं आहे.

माझा जन्म पोलादाच्या पत्र्यातून झाला. कापून, ठोकून, घासून मला चकचकीत केलं, आणि शेवटी एका कारागीर बाईने माझी मान साच्यात धरून डावीकडे वळवली. "आता बाळाने उजव्या हातात धरलं की घास थेट तोंडाशी जाईल," ती शेजारणीला म्हणाली. माझ्याबरोबर खोक्यात एक बुटका काटा होता, टोकं बोथट आणि मान अगदी सरळ. मी त्याला फार हिणवायचो. आपल्यात काहीतरी खास आहे, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

आम्ही दोघं एका शिंप्याच्या घरी आलो. पुढच्या खोलीत आजोबांचं शिवणकाम चाले आणि मागच्या खोलीत संसार. आजोबांची सून बसवर कंडक्टर होती. तिचा नवरा दूरच्या बांधकामावर असायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. आणि या सगळ्यांची लाडकी पिटुकली, दीड वर्षाची, गालावर सतत काहीतरी चिकटलेली.

आईची रजा संपत आली होती. सोमवारी कामावर हजर झालं नाही, तर नोकरी जाणार होती. पिटुकलीला आजोबांजवळ ठेवायची सोय नव्हती, कारण तिथे जमिनीवर टाचण्या आणि टेबलावर गरम इस्त्री. एकदा तर तिच्या तोंडातून टाचणी काढली होती, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. उरलं पाळणाघर. तिथल्या मावशींनी स्पष्टच सांगितलं, "बारा मुलं आणि माझे हात दोन. चमच्याने आपलं आपण खात असेल तरच आणा. एकेकाला भरवत बसले तर दुसरा पायरीवरून पडेल."

म्हणजे पिटुकलीला आठ दिवसांत मला धरायला शिकायचं होतं, नाहीतर आईची नोकरी गेली.

पहिल्याच दिवशी पिटुकलीने मला झडप घालून उचललं. मला वाटलं, जिंकलो! तेवढ्यात आजोबांनी अलगद मला तिच्या मुठीतून सोडवलं आणि दुसऱ्या हातात दिलं. "या हाताने, बाळा. हा चांगला हात." तिने माझ्याकडे दोन क्षण पाहिलं आणि भिंतीवर भिरकावलं. पुन्हा उचललं, पुन्हा हात बदलला, पुन्हा भिंत. मऊ भाताची शितं आजोबांच्या चष्म्याला चिकटली.

मित्रांनो, असे सहा दिवस गेले. आईने गाणी म्हटली, गाडी आली, विमान आलं, सगळं करून पाहिलं. आईने भरवायला घेतलं की पोरगी ओठ असे घट्ट मिटायची, की सुईसुद्धा आत गेली नसती. ती फक्त काट्याने बटाट्याचा एखादा तुकडा टोचून खायची, तोही कुणाचं लक्ष नसताना. दवाखान्यातल्या वजनकाट्याचा काटा दोन महिने जागचा हलला नव्हता, आणि घड्याळाचा काटा मात्र कुणासाठी थांबत नव्हता. घरात त्या दिवसांत 'काटा' हा शब्द कुणी काढला, की आई तिथून उठून जायची.

"कुणावर गेलीय एवढी हट्टी?" आई म्हणायची. मीही तेच म्हणायचो. इतकी नेमकी मान, इतका चकचकीत देह, आणि ही कार्टी मला फेकते! माझा अभिमान पुरता दुखावला होता.

शनिवारी मी दगडी उंबऱ्यावर आपटलो आणि माझ्या मानेवर केसाएवढी चीर पडली. ती कुणालाच दिसली नाही.

रविवारी दुपारी शेवटचा प्रयत्न झाला. वाटीत मऊ भात, शेजारी उकडलेलं गाजर. पिटुकलीच्या गळ्यातल्या लाळेऱ्याची गाठ ओली होऊन आवळली गेली आणि ती रडून लालबुंद झाली. आजोबा पाणी आणायला गेले होते. आईने घाईने त्यांची कात्री उचलली.

आता हे सांगायला हवं, की शिंप्याच्या कात्रीला घरात कुणी हात लावत नसतं. धार जाते. त्या घरात तर आजोबांचा तसा सक्त दंडकच होता. पण त्या दिवशी आईला कुठलं भान? तिने नाडी पात्यांत धरली. नाडी कापेचना, नुसती दुमडून पात्यांमध्ये अडकली. तीन वेळा तेच झालं.

"बाबा, तुमच्या कात्रीची धार गेलीय!"

आजोबा दारात थबकले. त्यांचा चेहरा पडला. "धार नाही गेली," ते हळू आवाजात म्हणाले. "ती डाव्या हाताची आहे. मुद्दाम करून घेतलेली. उजव्या हाताने ती चालायची नाही."

"म्हणजे तुम्ही डावरे? माझ्या कधी लक्षातच आलं नाही!"

"फक्त कापडापुरता. बाकी सगळं शाळेत पट्टीने बदललं. बोटांवर पट्टी बसायची. एवढीएवढीशी बोटं होती माझी." त्यांनी पिटुकलीकडे पाहिलं. "हिला तसं कुणी मारू नये, म्हणून मी आधीच तिचा हात बदलत होतो."

आई त्यांच्यावर ओरडली नाही. तिने मला उचललं आणि पिटुकलीच्या डाव्या हातात दिलं. पोरीने मूठ आवळली, वाटीत बुडवलं, वर नेलं आणि भात थेट खांद्यावर सांडला. पुन्हा नेलं, पुन्हा खांद्यावर. ती आता फेकत नव्हती. ती तोंड उघडं ठेवून वाट पाहत होती, आणि मी दुसरीकडे तोंड करून होतो. त्या क्षणी मला कळलं. चूक माझी होती. ज्या मानेचा मी एवढा तोरा मिरवला, ती या मुलीच्या तोंडाकडे पाठ फिरवून बसली होती. मला फार, फार लाज वाटली.

घरातले बाकीचे चमचे तिच्या तोंडात मावत नव्हते, आणि रविवारी दुकानं बंद. आजोबांनी मला डोळ्यांजवळ धरलं. "हा पण माझ्या कात्रीसारखाच," ते पुटपुटले, "एकाच हाताचा." त्यांनी मशीनच्या खणातून पक्कड काढली आणि माझ्या मानेला फडकं गुंडाळलं. चीर फडक्याखाली गेली. मला ओरडून सांगायचं होतं, पण चमच्याला कुठला आवाज?

"मोडला तर?" आईने विचारलं.

"मोडला तर उद्या तू घरी," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी पक्कड डाव्या हातात घेतली.

ते घाई करत नव्हते. थोडं वाकवायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. मान सरळ झाली तेव्हा चीर करकरली. आईने डोळे मिटले. मी जीव मुठीत धरून बसलो, मूठ नसतानाही. आणखी थोडं, मग आणखी. फडकं सोडलं तेव्हा मी अखंड होतो आणि उजवीकडे पाहत होतो.

पिटुकलीने मला डाव्या मुठीत घेतलं. भात भरला. हात हळूहळू वर आला. अर्धी शितं वाटेतच पडली. उरलेली तिच्या तोंडात गेली, आणि तिने माझ्यावर चार दात असे रोवले, की मला सोडवून घ्यायला आईला हसत हसत ओढाओढ करावी लागली. हसता हसता ती रडायला लागली. मग काट्याचीही पाळी आली. सरळ मानेच्या त्या बिचाऱ्याला कुठलाच हात परका नव्हता. मी त्याला पुन्हा कधी हिणवलं नाही.

सोमवारी आई कामावर गेली. ज्या डब्यातून मी पाळणाघरात गेलो, त्यावर तिने चिठ्ठी चिकटवली होती, 'डाव्या हाताने खाते. हात बदलू नये.'

त्या संध्याकाळी आजोबा जेवायला बसले. पिटुकली समोर माझ्याशी झटापट करत होती. त्यांनी आपला चमचा उचलला, थोडा वेळ तसाच धरला, आणि मग डाव्या हातात घेतला. पहिला घास त्यांच्याही सदऱ्यावर सांडला. पिटुकली खदखदून हसली आणि आजोबाही.

आता पिटुकली मोठी झाली आहे आणि मी खणात, त्या कात्रीच्या शेजारी पडून असतो. चीर अजून आहे, तिसरं वाकणं मला सोसणार नाही. मित्रांनो, मला कुणा बाळाला द्यायचं ठरलं, तर एक करा. आधी त्या बाळापुढे मला नुसतं ठेवा, आणि ते मला कुठल्या हाताने उचलतं ते बघा.