रविवारची तारीख

कारंजा लाडच्या बायपासला सरकीचं एक गोदाम होतं. नवरा वारल्यावर हुस्नाबानोनं सरकीचा धंदा आवरला आणि त्या गोदामाचा लग्नाचा हॉल केला. गावात हॉल आधीही होते. हिच्या हॉलची चर्चा झाली ती भाड्यामुळे. पूर्ण भाडं देणारं एक लग्न झालं, की पुढचं एक लग्न ती नुसत्या लाइट-पाण्याच्या खर्चात करू द्यायची. ते कोणत्या समाजाचं आहे हे बघायची नाही, फक्त घरी आठवडी मजुरी असावी एवढंच बघायची.

याला ती खैरात म्हणत नसे. मोठ्या लग्नाचं भाडं ठरवतानाच लहान लग्नाचा खर्च त्यात धरलेला असे, आणि गिऱ्हाइकाला ती तसं तोंडावर सांगत असे. काहींना ते आवडायचं. मग त्या लहान लग्नात आमचं नाव माइकवर घ्या, असं कोणी म्हणालं तर मात्र ती नाही म्हणायची.

बुकिंगचं काम तिचा मुलगा तौसीफ बघायचा. त्याचं आईशी एकाच गोष्टीवरून जमत नव्हतं. लहान लग्नांना मधले वार द्यावेत, शनिवार-रविवार भाड्यासाठी मोकळे ठेवावेत, असं त्याला वाटे. हुस्नाबानोचं म्हणणं, रोजी पाडून मजुराचे पाहुणे लग्नाला येत नाहीत, त्यांनाही रविवारच लागतो. जो आधी येईल त्याची तारीख, असा नियम तिनं केला आणि तो पाळला.

त्या वर्षी मे महिन्यातला एक रविवार भागिरथानं धरला होता. भागिरथाचं घर बौद्ध; ती धान्य मार्केटात धान्य चाळायच्या कामाला जाई. तिची मुलगी पौर्णिमा एका पतसंस्थेत नोकरीला होती. मुलाकडचे अकोल्याचे होते. पौर्णिमाच्या पगारावर घरचं भागत असलं तरी हॉलचं भाडं झेपणारं नव्हतं. पत्रिका छापून झाल्या, निम्म्या वाटूनही झाल्या.

आणि मग दौलतसिंग आला. मार्केटातला मोठा अडत्या, हुस्नाबानोच्या नवऱ्याचा ओळखीचा. त्याचा मुलगा फौजेत होता, सुट्टी जेमतेम मिळालेली, आणि महाराजांनी काढलेला मुहूर्त नेमका त्याच रविवारचा. दौलतसिंग उर्मट माणूस नव्हता. त्यानं चहा घेतला, अडचण सांगितली, दुप्पट भाडं देतो म्हणाला. उठताना एवढंच बोलला, "भाभी, ते लोक मुहूर्त पाहत नाहीत. त्याईले कोनताही दिवस चालते."

तो गेल्यावर तौसीफनं आईपुढे हिशोब मांडला. एवढ्या पैशात चार लहान लग्नं निघतील. एका मुलीची तारीख आठ दिवस पुढे गेली तर चार मुलींची सोय होते. मग भलं कशात आहे? मुलगा लबाडी करत नव्हता, तो खरंच तसं मानत होता. हुस्नाबानोनं विचार करायला दोन दिवस घेतले. शेवटी तिला वाटलं, तारीख आपली राहिलीच नाही, ती दिलेली आहे. विकायचीच असेल तर ज्यांची आहे त्यांनी विकावी.

ती भागिरथाच्या घरी गेली. पौर्णिमा नुकतीच पतसंस्थेतून आली होती. हुस्नाबानोनं काही लपवलं नाही. दौलतसिंगचं नाव सांगितलं, तो किती जास्त देतो ते सांगितलं, आणि ती वरची रक्कम भागिरथाची असेल असंही सांगितलं.

पलंग, कपाट, जावयाची अंगठी, सगळं भागिरथाच्या डोळ्यापुढून गेलं असावं. आठ दिवसांनी काय बिघडते, असं ती हळू आवाजात म्हणाली आणि पोरीकडे पाहू लागली.

पौर्णिमानं विचारलं, "चाची, त्याईले तारीख बदलाले कोनी सांगतलं का?"

"नाही."

"मंग मले काहून सांगून राह्यल्या?"

हुस्नाबानो म्हणाली, "त्याईचा मुहूर्त आहे, बाई."

"आमचा मुहूर्त नाही, पन आमचे पाहुने आहेत. लोकाईनं सुट्ट्या टाकल्या. माह्या मामानं ऊसतोडीवरून यायचं ठरवलं." मग म्हणाली, "पैसे भेटले तर मले पायजेतच. पन हे पैसे घेतले, तं पुढच्या बाईच्या घरीही असंच कोनी येईन. तिले नाही म्हनता येनार नाही."

भागिरथानं पदराच्या टोकानं गुडघ्यावरची धूळ झटकली आणि चहा ठेवायला उठली. हुस्नाबानोनं चहा घेतला. घरी येताना तिला बरं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. आपण विचारायला गेलो ते चांगलं केलं की त्या घराला पेचात टाकलं, हे तिला ठरवता येईना.

तौसीफनं एक तोड काढली. बौद्धांचं लग्न सकाळचं, चारपर्यंत हॉल रिकामा होतो. दौलतसिंगचा मुहूर्त संध्याकाळचा. त्याच दिवशी दोन्ही होतील. पौर्णिमाची हरकत नव्हती. दौलतसिंगही आधी हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला की घरच्या मोठ्यांना पटत नाही. कारण त्यानं सांगितलं नाही. न सांगताही ते तौसीफला कळलं. संध्याकाळी तो आईला म्हणाला की आता दुप्पट दिलं तरी मला ते बुकिंग नको.

रविवारी पौर्णिमाचं लग्न झालं. पांढऱ्या साडीत ती स्टेजवर उभी राहिली, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हार घातले, त्रिसरण-पंचशील झालं. जेवणाला वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी होती. हुस्नाबानो मागच्या रांगेत बसली होती. पौर्णिमाच्या मामानं तिला ओळखलं नाही, बाजूची खुर्ची ओढून घेऊन पंखा जोरात करायला सांगितलं. तिनं उठून केला.

दौलतसिंगनं लग्न मंगरूळपीरला केलं. त्यानं कोणाला काही सांगितलं असेल असं नाही, पण पुढच्या हंगामात त्याच्या नात्यातली आणि मार्केटातली बरीच मोठी लग्नं हुस्नाबानोकडे आली नाहीत. मोठी लग्नं कमी झाली, म्हणून नियमाप्रमाणे लहानही कमी झाली. दोन घरांना तिला तारीख नाही असं सांगावं लागलं. त्यातली एक बाई दारातूनच हात जोडून परत गेली, ते हुस्नाबानोला फार लागलं. आपलं सगळं भलेपण पाच-दहा श्रीमंत घरांच्या मर्जीवर उभं होतं, हे तिला तेव्हा समजलं.

ती मुलाला म्हणाली, "तू बोला था, मैंने सुना नहीं. अब बता, क्या करना?"

तौसीफनं हॉल लग्नाशिवायच्या दिवसांत वापरायला सांगितलं. वर्षातले बहुतेक दिवस तो कुलपात असे. गावात पोलीस भरतीचा, तलाठ्याचा अभ्यास करणारी मुलं-मुली बसायला जागा शोधत फिरत होती. त्यानं हॉलमध्ये टेबलं टाकली, दिवे लावले, महिन्याची फी ठेवली. फी थोडी, पण देणारे पुष्कळ. मुलींसाठी वेगळी रांग केली, म्हणून आसेगावकडच्या खेड्यांतल्या मुलीही येऊ लागल्या. बियाण्यांच्या कंपन्यांच्या शेतकरी-बैठकाही मिळाल्या.

दीड वर्षानं हुस्नाबानोनं जुना नियम मोडला. मोठ्या लग्नामागे एक, असं आता नाही. वर्षाला लहान लग्नं किती करायची हे आधीच ठरतं, मग मोठी येवोत न येवोत. नफा पहिल्यापेक्षा कमी आहे. तौसीफला अजून वाटतं की रविवारचं भाडं थोडं चढवावं, आणि त्यावरून दोघांची बोलाचाली होतेच. पौर्णिमा अकोल्याला आहे. तिथल्या पतसंस्थेत तिला नोकरी मिळाली नाही, घरीच शिकवण्या घेते.

शनिवारी दुपारी अभ्यास करणारी मुलं टेबलं उचलून मागच्या शेडमध्ये नेतात. परीक्षा जवळ आली की कुरकुर करतात. मग खुर्च्या मांडल्या जातात आणि कोणाच्या तरी घरचे लोक हार, पातेली घेऊन यायला लागतात.