धूरबाबाचं तीर्थ आणि सरांचं बोट

जरीपटका वस्तीतल्या बाजारामागे धूरबाबाच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबानं बाटलीचं बूच काढलं की विस्तवाशिवाय पांढरा धूर निघे. त्या तीर्थाचा थेंब चामखिळीवर टाकून तो गरजे, "जळते ते पाप! पांढरं पडलं ते पुण्य!"

मधुसूदन सर तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. भाजी घ्यायला निघालेले सर पुतणी चिन्मयीला मागे सोडून गर्दीत घुसले आणि त्यांनी लांबूनच हुंगून पाहिलं. लगेच निकाल! "सिरका आहे, लोणच्यातला. कार्बोक्झिलिक आम्ल, म्हणजे दुबळं. फसवून राहिला हा तुम्हाले!"

कुही गावाहून आलेली प्रेमिला लेकीला, काजलला, पुढे करत होती. चामखीळ डोळ्याच्या अगदी कडेला.

"सर, पोरीले इजा तं नाही ना होनार?"

"सिरक्यानं कसली इजा? हे पाहा!" असं म्हणून सरांनी बाबानं वाटीत ओतलेल्या तीर्थात बोट बुडवलं.

दुसऱ्याच क्षणी सर ठणाणा बोंबलत नाचू लागले. बोट पांढरंफटक पडलं होतं.

"पाहा, किती पाप साचलं होतं!" बाबा म्हणाला. लोकांनी हात जोडले. भांडाफोड करायला आलेल्या सरांनी बाबाची फुकट जाहिरात केली होती!

तेवढ्यात चिन्मयी पोचली. ती औषधाच्या कंपनीत, प्रयोगशाळेत कामाला; हा धूर आणि हा वास तिच्या रोजच्या ओळखीचा. तिनं सरांना नळाखाली ओढलं. "काका, हात काढायचा नाही! ताई, पोरीला मागे घ्या!"

"सिरकाच आहे ना गं?" सर कण्हले.

"सिरक्याचा गुंड भाऊ आहे. ट्रायफ्लोरोॲसिटिक आम्ल. सिरक्याच्या रेणूत तीन हायड्रोजनच्या जागी तीन फ्लोरिन बसले, की जोर हजारो पट वाढतो. हवेतल्या ओलाव्यानं ते धुमसतं, तोच हा चमत्कार. आम्ही औषधं बनवताना वापरतो, पण हातमोजे, चष्मा घालून आणि धूर ओढणाऱ्या कपाटात. डोळ्यात थेंब गेला तर डोळा जाईल."

बाबानं घाईघाईनं बूच लावलं.

प्रेमिलानं काजलला पोटाशी धरलं होतं. ती सरांवर उसळली, "तुम्ही तं सिरका म्हनत होते! मंग तुमच्यावर तरी काहून भरवसा ठेवू?"

सरांना फार लाज वाटली. बोटापेक्षा ती जास्त झोंबत होती.

"ठेवू नको, बाई," ते म्हणाले. "ह्यानं धूर दाखवला, मी शहाणपण दाखवलं. बाटलीत काय आहे, हे दोघांनीही तपासलं नाही. पोरीले चामडीच्या डॉक्टरकडे ने. अन् त्यालेही विचार, काय लावून राहिले, काहून लावून राहिले. सांगितल्याशिवाय चेहऱ्याले हात लावू देऊ नको."